कडीचा टाका

थोरलीचा देवावर कितपत विश्वास होता हे सांगणं कठीण, पण मशीनवर पूर्ण होता. माणसं थापा मारतात, लोकर दगा देते, हवा दमट झाली की टाके सैल पडतात. मशीन मात्र सांगितलं तेवढंच करतं, असं ती येईल त्याला ऐकवायची. धाकटीने हे इतक्यांदा ऐकलं होतं की थोरलीने तोंड उघडायचा अवकाश, ती पुढचं वाक्य हुबेहूब थोरलीच्या आवाजात पूर्ण करायची. थोरली रागावल्यासारखं करायची आणि मान खाली घालून हसायची.

दोघी बहिणींचं घर म्हणजे पुढची एक खोली आणि मागची एक. पुढच्या खोलीत आतल्या भिंतीला लावून विणायचं मशीन होतं, खिडकीपाशी मोठं टेबल. थोरली दाराकडे पाठ करून मशीनवर बसायची. विणून उतरलेलं कापड धाकटी टेबलावर पसरायची, त्याला इस्त्रीची वाफ द्यायची, कडा शिवायची आणि हे सगळं करताना तिच्या तोंडाचा पट्टा चालूच असायचा. नळावर कोण कोणाशी भांडलं, कोणाकडे रंगारी आलाय, पोस्टमनची नवी सायकल कशी दिसते. आई-वडील गेले तेव्हा धाकटी जेमतेम शाळेत जायला लागली होती. तिला वाढवताना थोरलीचं स्वतःचं बरंच काही राहून गेलं, पण त्याची खंत तिला नव्हती. धाकटीची बडबड थांबली की मात्र तिला घर खायला उठायचं.

गल्ली लहान होती. एका बंद पडलेल्या कारखान्याने कधीकाळी कामगारांसाठी बांधलेली आठ घरं, भिंतीला भिंत लागून, एकाच लांब छपराखाली. मागे पाठीला पाठ लावून दुसऱ्या गल्लीची घरं, त्यामुळे मागे दार नाही की खिडकी नाही. जे काही होतं ते पुढे: एक पायरी, एक खिडकी, एक दार, दाराला लोखंडी कडी. नवखा माणूस हमखास चुकीचं दार ठोठावायचा. नळाच्या बाजूने मोजलं तर पहिलं घर कायमचं कुलूपबंद, दुसरं या बहिणींचं, तिसरं घड्याळं दुरुस्त करणाऱ्या घड्याळजींचं, चौथं निवृत्त गुरुजींचं. सातव्यात एक आजी एकट्याच राहायच्या. त्यांची नजर गेली होती, पण जगाची खबर ठेवायची हौस गेली नव्हती. धाकटी रोज दुपारी जाऊन त्यांना पेपर वाचून दाखवायची, आणि पेपरात नसलेलंही बरंच सांगायची.

थंडीच्या आधी दुकानदाराने तान्ह्या मुलांसाठी पांघरुणं मागितली. खाली काठाला घरांची नक्षी हवी म्हणाला. थोरलीने कार्ड कापायला घेतलं.

कार्ड म्हणजे प्लास्टिकची जाड, लांब पट्टी. तिच्या एका आडव्या ओळीत चोवीस जागा. जिथे पांढरी लोकर हवी तिथे पंचने भोक पाडायचं, जिथे करडी हवी ती जागा कोरी सोडायची. मशीनच्या पोटात बारीक पात्या असतात, त्या कार्ड चाचपून बघतात. भोक लागलं की त्या जागेची सुई किंचित पुढे येते आणि पांढरा धागा घेते. नाही लागलं तर सुई मागेच राहते आणि करडा घेते. मग सुयांवरून सरकणारी कॅरेज या टोकाकडून त्या टोकाला ओढली की एक ओळ विणून होते, कार्ड एक ओळ सरकतं, आणि पात्या पुन्हा चाचपायला लागतात. पण पात्या फक्त चोवीसच. पंचविसावी सुई पहिलीची नक्कल करते, सव्विसावी दुसरीची, आणि असंच शेवटपर्यंत. कार्डावर एक घर कापलं की सुयांच्या रांगेत तेच घर एकापुढे एक उमटत जातं. त्यातल्या एकालाच वेगळं काही द्यायचं म्हटलं तर ते मशीनला जमत नाही.

थोरलीने साधंच घर कापलं. पांढऱ्या भिंती, उतरतं छप्पर, करडी खिडकी, करडं दार. दाराच्या मधोमध एकच पांढरा टाका ठेवला. ती कडी.

पहिलं पांघरूण टेबलावर आलं तेव्हा धाकटीने बोटाने घरं मोजली. "ताई, आठ आहेत! अगं, ही तर आपली गल्लीच झाली. हे कुलूपवालं, हे आपलं, हे घड्याळजींचं, हे गुरुजींचं... आणि हे बघ, आजींचं."

"सुया तेवढ्याच आहेत म्हणून आठ बसली," थोरली म्हणाली.

"तू ना, कशातली गंमत म्हणून घेऊ नकोस."

"गंमत तू घे. मागे शाळेच्या स्वेटरवर नाव घातलंस तेव्हा घेतलीच होतीस की."

एकदा थोरली तापाने पडलेली असताना धाकटीने स्वतः मशीनवर बसून एका शाळेचे स्वेटर विणले होते, आणि छातीवरचं शाळेचं नाव असं काही उमटलं की ते आरशात बघूनच वाचावं लागे. नवशिक्याची चूक. मशीनवर बसलेल्याला कापडाची पाठ दिसते. कापडाचं तोंड पलीकडे, भिंतीकडे असतं. आपल्या डाव्या हाताला जे दिसतं ते सुलट्या बाजूने उजवीकडे जातं. थोरलीने त्या दिवशी तापातही पोट धरून हसून घेतलं होतं, आणि अजून संधी मिळाली की तो विषय काढायची.

पांघरुणं एकामागून एक बिनचूक उतरत होती. मग एका दुपारी धाकटी टेबलावरून म्हणाली, "ताई, इथे एक टाका हुकलाय बघ."

चौथ्या घराच्या दाराला कडी नव्हती.

थोरलीने चष्मा लावला. कापड उजेडात धरलं, उलटून पाहिलं. टाका सुटला नव्हता, तुटला नव्हता. पांढऱ्याच्या जागी करडा धागा आला होता, इतकंच. बाकी सातही दारांना कड्या होत्या.

"लोकरीचा पुंजका अडकला असेल सुईत," धाकटी म्हणाली.

थोरलीला ते पटेना. सुईत बिघाड असता तर त्या सुईची अख्खी उभी रेघ खराब झाली असती. कार्डात बिघाड असता तर आठही कड्या गेल्या असत्या. फक्त एकाच जागी, एकदाच चूक व्हायला मशीनमध्ये वाटच नव्हती. तिने कार्ड काढून तपासलं, सुई बदलली, आणि शेवटी मोठ्या सुईत पांढरी लोकर ओवून तो एक टाका वरून हाताने घातला. मनात कुठेतरी चरफडत असल्यामुळे जरा घट्टच ओढला.

दुसऱ्या दिवशी गुरुजींची सून कडा शिवायला दिलेलं पोलकं न्यायला आली ती कपाळाला हात लावूनच. "काय सांगू ताई, सकाळपासून दाराची कडी अशी बसलीय की हलायला तयार नाही. शेवटी सुताराला खिडकीतून हाक मारली. त्याने कापूनच काढली. आता नवी बसवेपर्यंत दार नुसतं लोटलेलं."

ती गेल्यावर धाकटी हसत म्हणाली, "बघ, तरी म्हटलं तू टाका फार ओढलास."

थोरलीला हसू आलं नाही.

त्यानंतरचं पांघरूण धाकटीने टेबलावर पसरलं आणि गप्प झाली. ती गप्प झाली म्हणून थोरली उठून आली. चौथ्या घराचं दार करडं होतं, कडी नव्हती, आणि दाराच्या चौकटीत काही पांढरे टाके एकावर एक उभे होते. वर बारीक, खाली थोडे रुंद.

"कोणीतरी उभं आहे," धाकटी हळूच म्हणाली.

"टाके आहेत ते."

"हो, टाकेच. पण उभे आहेत ना."

संध्याकाळ व्हायच्या आत बातमी आली. दुपारी दार वाजलं म्हणून गुरुजी उठून गेले होते. सून आत चहा ठेवत होती. ती बाहेर आली तर दार सताड उघडं, पायरीवर कोणी नाही, आणि गुरुजी खुर्ची ओढून कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून बसलेले. तिने खुर्ची फिरवली. ते शांतपणे उठले, खुर्ची पुन्हा भिंतीकडे केली आणि बसले. डॉक्टर येऊन गेले. नाडी ठीक, दाब ठीक, म्हणाले.

धाकटी बघून आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. "मी मागून हाक मारली, ताई. 'काय गं, बरी आहेस ना?' म्हणाले. अगदी नेहमीच्या आवाजात. पण वळले नाहीत. मी पुढून जाऊन बघायला गेले तर सूनबाईंनी माझा हात धरला."

"का?"

"नको बघू म्हणाल्या. एवढंच."

पुढच्या पांघरुणावर चौथ्या घराचं दार पहिल्यासारखं होतं, कडीसकट. कडी गेली होती ती तिसऱ्या घराची.

थोरलीने मिस्त्रीला बोलावलं. हा माणूस आयुष्यभर विणायची मशीनं उघडत आणि बंद करत आला होता, आणि मशीनपुढे त्याला माणसं फारशी आवडत नसत. त्याने पात्या एकेक करून काढल्या, पुसल्या, तेल दिलं, कोऱ्या कार्डावर आणि कापलेल्या कार्डावर ओळी काढून पाहिल्या. सगळं सरळ. मग थोरलीने ती तीन पांघरुणं त्याच्यापुढे ठेवली. त्याने ती क्रमाने पाहिली, घडी घातली आणि बाजूला सारली.

"बाई, मशीनला घर कळत नाही," तो म्हणाला. "चौथं घर, तिसरं घर हे आपण म्हणतो. त्याला भोक आहे की नाही, एवढंच कळतं."

"मग हे?"

"हे कोणीतरी हाताने केलंय. ओळ घ्यायच्या आधी सुई हाताने मागे-पुढे केली की होतं असं."

"मशीनवर माझ्याशिवाय कोणी बसत नाही."

मिस्त्रीने हत्यारं पिशवीत भरली. त्याने चहाला नको म्हटलं. दाराशी जाऊन चपला घालता घालता तो म्हणाला, "काही दिवस झाकून ठेवा," आणि मागे न बघता गेला.

थोरलीने मशीनवर जुनी चादर टाकली. विणायचंच नाही म्हटल्यावर प्रश्नच मिटला, असा तिचा हिशेब. ती आणि धाकटी हातावरचं शिवणकाम घेऊन खिडकीत बसल्या. ऊन पायरीवरून खिडकीत चढलं, खिडकीतून टेबलावर आलं. धाकटी नेहमीपेक्षा जास्त बोलत होती. आणि चादरीखाली मशीन गप्प असतानाच शेजारून घड्याळजींच्या बायकोची किंकाळी आली.

घड्याळजी भिंतीला नाक लावून उभे होते. त्यांनी त्याआधी खोलीतली सगळी घड्याळं काढून, तबकडी भिंतीकडे करून, पुन्हा जिथल्या तिथे टांगली होती. सगळी चालू होती. बायको रडत विचारत होती, "अहो, कोण आलं होतं?" आणि ते भिंतीकडे बघत अगदी समजूतदारपणे म्हणत होते, "कोणी नाही गं. रडू नकोस."

थोरली घरी आली. तिला भीती वाटत होती, आणि ती स्वतःसाठी नव्हती. विणणं थांबवल्याने काही थांबत नव्हतं, फक्त आधी कळायचं ते कळेनासं होत होतं. तिने चादर काढली आणि नुसता काठ विणला. तो उतरवून टेबलावर सुलटा पसरला, आणि मग मोजायची गरजच पडली नाही. डावीकडून दुसऱ्या घराच्या दाराला कडी नव्हती.

ती दाराशी गेली. कडीचे स्क्रू चौकटीखाली पडले होते. कडी एका स्क्रूवर लोंबत होती.

"आपण जाऊ या का कुठेतरी?" धाकटीने विचारलं. ती गंमत करत नव्हती.

"आणि ते मागे आलं तर? रस्त्यात दारच नसतं लावायला."

थोरलीने तो काठ पुन्हा हातात घेतला. गुरुजींच्या दाराचा टाका तिने हाताने घातला तेव्हा दार बसलं होतं, हे खरं होतं. सुताराने कडी कापली म्हणून ते आत आलं. वरून घातलेला टाका म्हणजे वरून लावलेली कडी, कोणीही कापावी. पण टाका विणतानाच घातला तर? दार उघडंच नको, लावलेलंही नको. दार नकोच. त्या जागी भिंत विणायची. शिवलेलं सुटतं, विणलेलं सुटत नाही, ते ओळीओळीने उसवावं लागतं, आणि उसवणारं कोणी मशीनवर बसल्याशिवाय ते होत नाही. मिस्त्री म्हणाला तसं, सुया हाताने पुढे ओढायच्या. एकाच घराच्या. दार आणि खिडकी दोन्ही बुजवून टाकायची.

"जेवून घे," ती धाकटीला म्हणाली, "आणि मागच्या खोलीत जाऊन पड. कोणी दार वाजवलं तरी उठायचं नाही. माझी ओळ मोडली तर सगळं फुकट जाईल, तेव्हा मला हाकही मारू नकोस."

"आजी वाट बघतील गं. त्यांना तर कोणी काही सांगितलेलंही नाही."

"एक दिवस बघू दे वाट."

"त्या बिचाऱ्या अंधारात बसून—"

"धाकटे!"

"बरं बाई," धाकटी म्हणाली, आणि आत गेली.

थोरलीने दार लोटून त्याला आतून जड स्टूल लावलं. मग मशीनवर बसली.

बाहेर लख्ख दुपार होती. शेजारून घड्याळांची टिकटिक भिंतीतून येत होती. तिने करडी लोकर लावली, पांढरी लावली, पायाच्या ओळी घेतल्या. घरं खालून वर विणली जातात, त्यामुळे दार लगेचच येतं. दाराची पहिली ओळ आली तसं कार्डाने आठ दारांच्या सुया मागे ठेवल्या. थोरलीने डावीकडून मोजलं. कुलूपवालं, आपलं. दुसऱ्या घराच्या दारातल्या सुया तिने बोटाने एकेक करून पुढे ओढल्या. कॅरेज खर्रकन गेली. टोकाला टक् वाजलं. ओळ झाली.

पुन्हा सुया. पुन्हा कॅरेज.

हात चुकत नव्हते. तिने आयुष्यात इतक्या काळजीने काही विणलं नव्हतं. धाकटीचा पहिला स्वेटरसुद्धा नाही.

मध्येच तिच्या पाठीवर वाऱ्याची झुळूक आली आणि थांबली. सुया अर्ध्या ओढून झाल्या होत्या. वळली असती तर मोजणी चुकली असती, म्हणून ती वळली नाही.

दार संपलं. खिडकीही बुजली. कॅरेज जात होती, येत होती.

मग पुन्हा झुळूक आली. या वेळी गार होती, आणि थांबली नाही.

थोरलीने छपराची शेवटची ओळ घेतली आणि कॅरेज सोडली. कापड अजून सुयांवरच होतं. ती वाकली, खाली लोंबणारा काठ हातात घेतला, आणि त्याचं तोंड बघायला तो आपल्याकडे उलटला.

भिंत सुरेख झाली होती. ना दार, ना खिडकी. पांढरी, सलग.

ती सातव्या घरावर होती.

काही क्षण तिला कळेना. ती मशीनवर बसली होती. कापडाची पाठ तिच्याकडे होती. तिने डावीकडून मोजलं होतं. ज्या चुकीसाठी ती धाकटीला अजून चिडवायची, तीच चूक.

आणि दुसऱ्या घराचं दार करडं होतं. त्यात पांढरे टाके उभे होते, वर बारीक, खाली रुंद.

"धाकटे!"

आतून उत्तर आलं नाही.

ती वळली. दाराला लावलेलं स्टूल उचलून भिंतीशी नीट ठेवलेलं होतं, आवाज होऊ नये म्हणून ठेवतात तसं. दार उघडं होतं. मागच्या खोलीत पांघरुणाची घडी होती, उशी तशीच फुगलेली. टेबलावरचा आजचा पेपर नव्हता.

थोरली अनवाणी धावली. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. घड्याळजींचं दार, गुरुजींचं दार, पाचवं, सहावं.

सातव्या घराची पायरी होती. पायरीवर धाकटीच्या चपला होत्या, एकीचा पट्टा परवाच दोघींनी मिळून शिवलेला. आणि पायरीच्या पुढे भिंत होती.

नवी भिंत नव्हे. जुनाच चुना, जुनेच पोपडे, बाकी गल्लीसारखेच. तिने हात लावला. उन्हाने तापली होती.

आतून आवाज येत होता. धाकटी पेपर वाचत होती. नेहमीसारखी, मध्येमध्ये स्वतःचं काहीतरी घुसडत. आजी हसल्या.

"धाकटे!" थोरलीने दोन्ही हातांनी भिंत बडवली. "धाकटे!"

वाचन थांबलं. "आले आले, ताई. रागावू नकोस गं, एवढं पान संपवते म्हटलं आणि—"

पावलं जवळ आली. भिंतीच्या अगदी पलीकडे येऊन थांबली.

मग हात फिरवल्याचा आवाज. डावीकडून उजवीकडे, मग थोडं वर, पुन्हा डावीकडून उजवीकडे. कार्डावर भोक कुठे आहे ते पात्या चाचपून बघतात, तसा.

"ताई?" धाकटीचा आवाज एकदम लहान झाला होता. "दार कुठे गेलं?"

"घाबरू नकोस," थोरली म्हणाली. "तिथेच थांब. हलू नकोस. मी उसवते. आत्ता जाऊन उसवते."

कापड अजून सुयांवर होतं. दहा-वीस ओळी, अजून काय. धागा ओढला की सुटतील. ती वळली आणि आपल्या घराकडे धावत सुटली.

घड्याळजींच्या दारापाशी ती थांबली.

तिच्या घराचं दार उघडं होतं, आणि आतून मशीनचा आवाज येत होता. खर्र, टक्. खर्र, टक्. एका लयीत, न अडखळता, सवयीच्या हाताने कोणीतरी पुढच्या ओळी विणत होतं.